जागें कोण झालें?
(गोदावरीबाई परुळेकरांच्या एका ग्रंथाविषयीं)

ज्या ग्रंथाची स्तुति सर्वांनीं केली आहे त्याचें परीक्षण सहसा कोणी करीत नाहीं. गोदावरीबाई परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथाच्या वांट्यास असेंच कांहीं आलें आहे. १९७० सालीं तो प्रसिद्ध झाला, १९७२ सालीं त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें, आणि तेव्हांपासून तो मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत एका मानाच्या जागीं बसला आहे. घरांतील वयोवृद्ध माणसास पाटावर बसवावें, सणावारीं त्याच्या पायां पडावें, आणि त्याचें म्हणणें मात्र कोणी ऐकूं नये, तशांतलाच हा प्रकार. पन्नासांहून अधिक वर्षें लोटल्यावर आम्हीं तो ग्रंथ मुद्दाम पुन्हां वाचावयास घेतला. त्या वाचनांत जे विचार सुचले ते, आणि ग्रंथाच्या थोरवीबरोबर जीं वैगुण्यें दिसलीं तीं, वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

प्रथम ग्रंथविषयाची ओळख करून देणें अवश्य आहे. मुंबईच्या उत्तरेस, किनाऱ्याची चिंचोळी बागायती पट्टी ओलांडून पूर्वेकडे निघालें म्हणजे जो डोंगराळ, गवताळ आणि जंगलाचा मुलूख लागतो तो वारल्यांचा. ग्रंथांतील घटना घडल्या तेव्हां डहाणू आणि उंबरगांव हे तालुके ठाणें जिल्ह्यांत होते. १९६० सालीं राज्यें वेगळीं झालीं, त्या वेळीं उंबरगांवाकडील बराच मुलूख गुजरातेंत गेला, तलासरीकडील भाग महाराष्ट्रांत राहिला. २०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यांत मोडतो. येथील जमीन मूळची कसणाऱ्या वारल्यांचीच होती. इंग्रजी अमलांत सारा रोख भरण्याची सक्ति आली, जंगल राखीव झालें, मोहाची दारू घरीं गाळणें हा गुन्हा ठरला, आणि ज्यांच्या व्यवहारांत नाणें फारसें नव्हतें त्यांना पदोपदीं नाण्याची गरज भासूं लागली. नाणें होतें तें सावकाराजवळ, दारूच्या मक्तेदाराजवळ आणि लाकडाच्या व्यापाऱ्याजवळ. अंगठ्याच्या एकेका ठशासरशी जमीन त्यांच्या नांवें चढत गेली. दोनतीन पिढ्यांत मालक होता तो कूळ झाला, आणि कूळ होता तो वेठीस लागला.

कुळानें पिकाचा मोठा भाग खंड म्हणून मालकाच्या खळ्यांत पोंचवावयाचा. पावसाळ्यांत घरांतील दाणे संपले म्हणजे खावटी उचलावयाची आणि सुगीस ती दिढीनें किंवा त्याहूनही जबर व्याजानें फेडावयाची. आणि या सर्वांवर, मालकाचा निरोप येईल त्या दिवशीं स्वतःचें शेत तसेंच टाकून त्याच्या शेतावर फुकट राबावयाचें. भातलावणीचे दिवस दोघांचे एकच असल्यामुळें वारल्याचें शेत नेहमीं मागें पडे, पीक कमी येई, आणि पुढच्या पावसाळ्यांत खावटी अधिक उचलावी लागे. असें हें रहाट एकदां फिरूं लागलें म्हणजे थांबविणें एकट्यादुकट्याच्या हातीं उरत नसे. नकार दिला तर मार ठरलेला. आणि मार देणाऱ्यावर फिर्याद करावयास जावें तर दाद लागण्याची आशा नाहीं.

याहूनही भयंकर चाल ‘लग्नगडी’ची. लग्नासाठीं मालकाकडून कांहीं रुपये घेणारा वारली त्या कर्जापायीं मालकाचा जन्माचा गडी होई. त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबे, आणि मुलें मोठीं झालीं म्हणजे तींही. आज वारली चित्रें आमच्या दिवाणखान्यांतून, पडद्यांवरून आणि चहाच्या पेल्यांवरून सर्वत्र दिसतात. त्रिकोणांचीं तीं माणसें तारप्याभोवतीं फेर धरून नाचतात, आणि आम्ही कौतुक करतों. ही चित्रकला मूळची लग्नाच्या चौकाची. सुवासिनींनीं तांदळाच्या पिठानें भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहावा, तेव्हां लग्नाचें कार्य पुरें व्हावें अशी ती रीत. म्हणजे ज्या कार्यासाठीं भिंतीवर तो सुंदर चौक लिहिला जाई, त्याच कार्यापायीं त्या घरांतील एक तरुण पुष्कळदां आयुष्यभरासाठीं गहाण पडत असे. हें एकदां कळल्यावर त्या चित्रांकडे पूर्वींच्या डोळ्यांनीं पाहतां येत नाहीं. गोदावरीबाईंचा ग्रंथ वाचून आमच्यावर झालेला पहिला परिणाम हाच.

हें सर्व बाहेरच्या जगास ठाऊक नव्हतें असें मात्र नव्हे. १९३७ सालीं मुंबई सरकारनें सिमिंग्टन या अधिकाऱ्याकडे आदिवासी मुलखाच्या चौकशीचें काम सोंपविलें, आणि त्याच्या अहवालांत वेठीचा, मारहाणीचा व कर्जाच्या जाचाचा स्पष्ट उल्लेख आहे. बाळासाहेब खेरांसारख्या सत्त्वशील पुढाऱ्यानें १९४० सालीं आदिवासी सेवा मंडळ स्थापन केलें. आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकानें त्या कामास वाहून घेतलें. अहवाल होता, कळवळा होता, शाळा निघत होत्या. आणि वेठ चालूच होती. या विसंगतीचा उलगडा करणें हेंच आमच्या मतें या ग्रंथाचें मुख्य कार्य आहे. त्या विसंगतीचें उत्तर गोदावरीबाई तात्त्विक चर्चेनें देत नाहींत. काय घडलें तें क्रमानें सांगून देतात.

ग्रंथकर्त्रीची पूर्वपीठिका या ठिकाणीं ध्यानांत घेतली पाहिजे. पुण्याच्या एका सुखवस्तु वकिलाच्या घरीं १९०७ सालीं त्यांचा जन्म झाला. त्या कायद्याच्या पदवीधर होत्या, भारत सेवक समाजाच्या सदस्य होत्या, मुंबईंत घरकामगारांची संघटना बांधण्याचा त्यांना अनुभव होता, आणि युद्धविरोधी चळवळीपायीं तुरुंगवासही घडला होता. म्हणजे आमच्या वाचकांच्या घरांतील एखादी हुशार, हट्टी मुलगी जशी असावी तशाच त्या. फरक इतकाच कीं त्या निघाल्या आणि परतल्या नाहींत. त्यांचे यजमान शामराव परुळेकर हेही त्याच समाजांतून बाहेर पडून साम्यवादी पक्षांत व किसान सभेंत आलेले.

जानेवारी १९४५ मध्यें टिटवाळ्यास महाराष्ट्रांतील किसान सभेची परिषद भरली, तेथें उंबरगांवाकडचे थोडेसे वारली आले होते. त्यांनीं परत जाऊन पाड्यापाड्यांतून ती हकीकत सांगितली. कार्यकर्ते त्या मुलखांत फिरले. आणि त्याच वर्षीं २३ मे रोजीं झरी येथें जी परिषद झाली तींत पांचएक हजार वारली जमले. वेठ करावयाची नाहीं, असा निश्चय तेथें झाला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ त्या भागांतून उठली आणि लग्नगडी मालकांच्या वाड्यांतून बाहेर पडले. अहवालानें आणि अनुकंपेनें जें वर्षानुवर्षें झालें नाहीं तें एका उन्हाळ्याच्या अखेरीस कसें झालें, हें वाचतांना वाचक चकित होतो.

पण जरा विचार केला म्हणजे त्यांतील चमत्कार नाहींसा होऊन त्यामागची रीत दिसूं लागते. वेठ ही नेहमीं एकट्या माणसाकडून घेतली जाते. मालकाचा माणूस एका झोंपडीच्या दाराशीं उभा राहतो आणि एका माणसास हांक मारतो. त्या माणसास इतकेंच ठाऊक असतें कीं आपण नाहीं म्हटलें तर शेजारचा जाईल आणि मार मात्र आपण खाऊं. सारा पाडा एकदम नाहीं म्हणाला, शेजारचा पाडाही नाहीं म्हणाला, आणि ही गोष्ट प्रत्येकास आधींच ठाऊक असली, कीं मालकाजवळ उरतो तो केवळ आवाज. हजारो एकरांचें शेत तो स्वतः कापूं शकत नाहीं आणि हजारो माणसांस एकाच दिवशीं मारूंही शकत नाहीं. संघटना या रूक्ष शब्दाचा खरा अर्थ एवढाच आहे. दुसरा काय करणार आहे हें ज्या दिवशीं पहिल्यास खात्रीनें कळतें, त्या दिवशीं तो करावयास धजतो. पक्ष, झेंडा, घोषणा आणि परिषद हीं सारीं ती खात्री एका पाड्यांतून दुसऱ्या पाड्यांत पोंचविण्याचीं साधनें होत.

आतां ग्रंथाच्या वाङ्मयीन गुणांकडे वळूं. त्याची भाषा साधी, सरळ, क्वचित् कोरडी म्हणावी अशी आहे. उपमा थोड्या, उद्गार थोडे. ज्या प्रसंगीं एखाद्या कादंबरीकारानें वाचकास रडविल्याखेरीज सोडलें नसतें, त्या प्रसंगीं गोदावरीबाई एखादें नांव, एखादा अवयव, एखादी वस्तु सांगून पुढें जातात. वकिलीचें शिक्षण येथें कामीं आलें असावें असें आम्हांस वाटतें. साक्षीदारानें रडूं नये, पाहिलें तें सांगावें, हा दंडक त्यांनीं पाळला आहे. शामरावांनीं १९४७ मध्येंच इंग्रजींत या उठावाची हकीकत लिहिली होती. ती ऐन रणधुमाळींतील, आरोपपत्राच्या थाटाची. बाईंचा ग्रंथ त्यानंतर तेवीस वर्षांनीं आला. मधल्या काळानें त्यांतील चीड कमी केली नाहीं, पण तिची जागा बदलली. आरोपपत्रांत वारली हा पुरावा असतो. येथें तो माणूस आहे, भितो, संशय घेतो, खोटें बोलतो, पळून जातो, परत येतो. नव्या बाईंवर वारल्यांचा विश्वास बसण्यास लागलेला काळ ज्या प्रकरणांतून आला आहे, तीं आमच्या मतें या ग्रंथांतील सर्वोत्कृष्ट होत.

मराठी वाङ्मयाच्या पार्श्वभूमीवर या गुणाची किंमत अधिक कळते. शेतकऱ्याची दैना जोतिरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून मांडली. तरी पुढें कित्येक वर्षें आमच्या ललित वाङ्मयांत जमीन आली ती बहुधा ओटीवरून पाहिलेली. श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ ही १९८७ सालची कादंबरी थोर आहे यांत शंका नाहीं. पण ती थोर आहे ती खोतांच्या घराण्याची कथा म्हणून. खोताच्या वाड्यांतील प्रत्येक खोली आम्हांस ठाऊक झाली. अंगणांत उभ्या असलेल्या कुळाच्या घरीं आम्ही क्वचितच गेलों. गोदावरीबाई अंगणांतून निघून सरळ त्या घरीं जातात, आणि तेथून वाडा कसा दिसतो तें दाखवितात. दृष्टीची ही जागा बदलणें हा नुसता राजकीय मतांचा प्रश्न नव्हे. वाङ्मयाच्या दृष्टीनेंही ती मोठीच नवलाई होती.

या ग्रंथास आत्मचरित्र म्हणण्याचा प्रघात आहे. पण ज्या आत्मचरित्रांत आत्म्यास इतकें थोडें स्थान आहे असें दुसरें आमच्या पाहण्यांत नाहीं. स्वतःचे कष्ट, भूक, आजार यांविषयीं बाई लिहितात तें तेवढ्यापुरतें. हा संयम स्तुत्य खरा. परंतु येथूनच आमच्या आक्षेपांस आरंभ होतो.

पहिला आक्षेप ग्रंथाच्या नांवावरच आहे. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ म्हटलें कीं तो त्यापूर्वीं निजला होता असें गृहीत धरलें जातें, आणि त्यास उठविणारें कोणी तरी असावें लागतें. वारली निजला होता काय? ग्रंथांतील मजकूरच या नांवाविरुद्ध साक्ष देतो. टिटवाळ्यास आलेल्या त्या थोड्या वारल्यांना त्यांच्या पाड्यांतून कोणीं उचलून आणलें नव्हतें. परिषदेची वार्ता कानीं आली आणि ते स्वतःच्या पायांनीं आले. मालकाचें काम मुद्दाम हळू करणें, बोलावणें आलें कीं जंगलांत दडणें, आपल्या जुन्या शेताची शीव पिढ्यान्‌पिढ्या ध्यानांत ठेवणें, हीं निजलेल्या माणसाचीं लक्षणें नव्हेत. ज्याला आपली जमीन कोणतीं आणि ती कोणाकडे गेली हें ठाऊक आहे तो जागाच असतो. वारली जागा होता, परंतु एकटा होता. बाईंनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्यास उठविलें नाहीं. त्यास एकमेकांशीं जोडलें. हें काम उठविण्याहून लहान नाहीं. आम्ही तर तें अधिक अवघड समजतों. पण त्याचें खरें नांव सांगितलें पाहिजे. एरवीं सुशिक्षित वाचकाच्या मनांत असा सुखद ग्रह दृढ होतो कीं खेड्यांतील माणसें निजलेलीं आहेत आणि आमच्यापैकीं कोणी तरी जाऊन त्यांना हांक मारण्याचाच काय तो अवकाश आहे.

हा आक्षेप केवळ शब्दाचा नाहीं, हें तलवाड्याच्या प्रसंगावरून दिसून येतें. १९४५ च्या पावसाळ्यानंतर गवत कापण्याचा हंगाम आला. मुंबईच्या गोठ्यांना लागणारें गवत याच मुलखांतून जाई. पांचशें पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये मिळावेत अशी मागणी वारल्यांनीं केली आणि काम थांबविलें. ऑक्टोबरच्या १० तारखेस तलवाड्यास मोठा जमाव जमला. बाईंनीं सभा बोलाविली आहे, त्यांच्या जिवास धोका आहे, अशी खोटी वार्ता मालकपक्षानें पसरविली होती, असें या चळवळीच्या इतिहासांत नमूद आहे. त्या जमावावर पोलिसांनीं गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले. आजही तो दिवस त्या मुलखांत हुतात्म्यांचा दिवस म्हणून पाळला जातो.

हा प्रसंग वाचून जमीनदारांच्या कपटाचा संताप येतो आणि तो यावाच. परंतु परीक्षकानें पुढचा प्रश्न विचारला पाहिजे. खोटा निरोप इतक्या सहज कां चालला? जी वार्ता एका तोंडून दुसऱ्या तोंडीं जाऊन पांच महिन्यांपूर्वीं वेठ मोडूं शकली, तिच्याच वाटेनें हें खोटेंही गेलें. निरोप खरा कीं खोटा हें पडताळण्याची सोय संघटनेंत अजून झाली नव्हती. आणि बाईंचें नांव घेतलें कीं हजारो माणसें पडताळा न पाहतां निघत होतीं. वारली बाईंस प्रेमानें ‘गोदाराणी’ म्हणत. वाड्यांतील धन्यांपासून नुकत्याच मोकळ्या झालेल्या माणसांनीं आपल्या कार्यकर्तीस राणी म्हणावें, यांत जिव्हाळा किती आणि जुनी सवय किती, याचा विचार या ग्रंथांत आम्हांस हवा तितका सांपडला नाहीं. बाई प्रामाणिक आहेत; त्या कांहीं दडवीत नाहींत; विचार करूं इच्छिणाऱ्यास लागणारी सारी सामग्री त्यांनींच पुरविली आहे. पण स्वतःविषयीं न बोलण्याचा त्यांचा संयम या एका ठिकाणीं ग्रंथास बाधक झाला आहे. जें आपल्या नांवाचें झालें होतें त्याविषयीं त्यांनींच लिहावयास हवें होतें, कारण दुसरें कोणी तितक्या अधिकारानें लिहूं शकलें नसतें.

दुसरा आक्षेप मालकांच्या चित्रणाविषयीं. येथें मालक येतात ते एका वर्गाचे प्रतिनिधि म्हणून. क्रौर्य तेवढें वेगवेगळें, माणूस एकच. त्यांच्याविषयीं सहानुभूति दाखवावी असें आमचें म्हणणें नाहीं. पण जो माणूस आपल्या घरीं देवपूजा करतो, मुलीच्या सासरीं तिळगूळ धाडतो, मुलास मुंबईच्या कॉलेजांत घालतो, तोच माणूस खळ्यांत उभा राहून हें सारें कसें करूं शकतो, हें समजल्यावांचून वाचकास स्वतःची ओळख पटत नाहीं. राक्षस पाहिला कीं वाचक निर्धास्त होतो, कारण तो राक्षस नसतो.

येथें शासनाचाही उल्लेख केला पाहिजे. १९४६ सालीं बाळासाहेब खेर पुन्हां मुख्य प्रधान झाले. आणि ज्यांनीं आदिवासी सेवा मंडळ काढलें त्यांच्याच मंत्रिमंडळाच्या कारकीर्दींत, मोरारजी देसाई गृहमंत्री असतां, परुळेकर व त्यांचे सहकारी जिल्ह्यांतून हद्दपार झाले. एकीकडे सेवा आणि दुसरीकडे हद्दपारी यांत दांभिकपणाच पाहणें सोपें आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. खेरांचा कळवळा खरा होता. पण जो आदिवासी सेवा घेतो तो एक, आणि जो मजुरीचा दर सांगतो तो दुसरा. पहिल्यावर प्रेम करणाऱ्या कित्येक थोर माणसांस दुसरा ओळखूंच आला नाहीं. आमच्या वर्गाच्या परोपकाराची ही जुनीच मर्यादा होय.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून नव्हे, उणीव म्हणून सांगतों. ग्रंथाचा कळस वेठमुक्तीचा आहे. जमिनीचा प्रश्न त्यांत आहे, पण त्याचा निकाल त्याच्या पानांबाहेर लागावयाचा होता. मुंबई राज्याचा कूळवहिवाटीचा कायदा १९४८ सालीं झाला, आणि त्याच्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ ठरून त्या दिवसापासून कसणारें कूळ कायद्यानें जमिनीचें खरेदीदार मानलें गेलें. हा कायदा मोठा होता यांत वाद नाहीं. पण परिषद भरते मैदानांत आणि कायदा चालतो तो तलाठ्याच्या दप्तरांत. सात-बाराच्या उताऱ्यावर ज्याचें नांव कूळ म्हणून लागलें होतें त्यास जमीन मिळाली. ज्याच्या बापानें पिढ्यान्‌पिढ्या कसूनही नांव लागलें नव्हतें, त्यास आपण कूळ आहों हें सिद्ध करीत बसावें लागलें. कित्येकांकडून ‘राजीखुशीनें जमीन सोडतों’ असे राजीनामे आधींच लिहून घेतले गेले होते. जमिनीची चळवळ जिंकते कीं हरते हें ठरतें तें याच कंटाळवाण्या कागदपत्रांत. पाड्यांतील एखाद्या पोरास उतारा वाचतां येणें, पीकपाहणीच्या वेळीं चारजणांनीं हजर राहणें, अपिलाची मुदत कोणी तरी ध्यानांत ठेवणें, हें काम झेंड्याइतकेंच मोलाचें आहे. पण त्यावर कोणी ग्रंथ लिहीत नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतरही तेंच घडतांना दिसतें. हक्क कायद्यानें मान्य झाला, ग्रामसभेस अधिकार मिळाला, आणि कसणाऱ्यानें आपलें कसणें कागदावर सिद्ध करण्याचें ओझें पुन्हां त्याच्याच डोक्यावर राहिलें.

आतां आमच्या वाचकांस एक नाजूक गोष्ट सांगावयाची आहे. आमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं ‘कूळकायद्यांत जमीन गेली’ हें वाक्य लहानपणापासून ऐकलेलें असतें. तें म्हणतांना आजीचा आवाज जड होई, आजोबा उठून ओटीवर जात. त्या दुःखाची थट्टा करणें आम्हांस मान्य नाहीं. चार एकरांच्या खंडावर मुलांचीं शिक्षणें करणाऱ्या मालकिणीही होत्या. विधवा, अज्ञान आणि अपंग मालकांसाठीं खरेदीचा दिवस पुढें ढकलण्याची तरतूद कायद्यांतच करावी लागली, यावरूनच सारे मालक वाड्यांत राहणारे नव्हते हें उघड होतें. पण त्या वाक्यांतील ‘गेली’ या क्रियापदाकडे पाहा. जमीन गेली म्हणतांना ती कोणाकडे गेली हें आम्ही सांगत नाहीं. ती जणुं पुरांत वाहून गेली, टोळधाडीनें खाल्ली! ज्याच्याकडे ती गेली त्याच्या घरीं त्याच वर्षीं काय झालें असेल, तेथील आजीचा आवाज कसा झाला असेल, हें आमच्या घरगुती इतिहासांत कोठेंच लिहिलेलें नाहीं. आणि त्याहूनही मागें जाऊन, ती आमच्याकडे प्रथम कशी आली, हें तर विचारावयाचेंच नाहीं. गोदावरीबाईंचा ग्रंथ हा मराठी मध्यमवर्गीय घरांतील त्या अपुऱ्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग आहे. म्हणूनच आम्हीं त्याची पूजा केली आणि तो वाचला नाहीं.

मार्च २०१८ मध्यें नाशिकहून मुंबईकडे हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा पायीं निघाला. त्यांत आदिवासी फार होते, आणि कसत असलेल्या वनजमिनी नांवावर व्हाव्यात ही त्यांची प्रमुख मागणी होती. सहा दिवस चालून ते मुंबईंत पोंचले. दहावीच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलांची अडचण होऊं नये म्हणून शेवटचा टप्पा ते रात्रींतूनच चालले. शहरानें त्यांना पाणी दिलें, खाणें दिलें, फोड आलेल्या पायांसाठीं चपला दिल्या. वर्तमानपत्रांनीं शहराच्या मोठ्या मनाची वाखाणणी केली. तें सौजन्य खोटें नव्हतें. तरी आम्हांस त्या वेळीं असें वाटल्याखेरीज राहिलें नाहीं कीं आमच्या मुलांच्या परीक्षेचा विचार त्यांनीं केला म्हणून आम्ही त्यांच्यावर इतके प्रसन्न झालों. मागणी काय आहे हें किती जणांनीं विचारलें? परीक्षेच्या दिवशीं भर दुपारीं ते रस्त्यांत बसले असते, तर चपला देणारे हात कोठें असते? १९४५ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या गोठ्यांना गवत कमी पडूं लागलें असेल तेव्हां शहरांतल्या माणसाला वारल्याविषयीं काय वाटलें असेल, याची कल्पना यावरून करतां येईल.

गुणदोषांचा असा विचार केल्यावर आमचें मत थोडक्यांत असें आहे. हा ग्रंथ मराठींतील पहिल्या प्रतीच्या साक्षींपैकीं एक आहे. त्याचें नांव त्यांतील मजकुरास न्याय देत नाहीं. त्यांतील नायिका स्वतःविषयीं जरूरीपेक्षां अधिक मुकी आहे. त्यांतील मालक पुरते माणूस झालेले नाहींत. इतकें असूनही, माणसांनीं एकत्र येऊन आपल्या पाठीवरचें ओझें कसें टाकलें याची इतकी खरी, इतकी तपशीलवार हकीकत आमच्या भाषेंत दुसरी क्वचितच सांपडेल. वाचकांस आमची विनंति एवढीच कीं ग्रंथ पुन्हां वाचावा. आणि तो वाचून झाल्यावर, घरांत माळ्यावर जुन्या पत्र्याच्या पेटींत जमिनीचे कागद असतील तर तेही एकदां खालीं काढावेत. खरेदीखताची तारीख, विकणाऱ्याचा अंगठा, किंमत म्हणून लिहिलेला आंकडा आणि कुळाच्या रकान्यांतील नांव हीं वाचावींत. ग्रंथांत जे प्रश्न बाईंनीं सोडून दिले आहेत, त्यांतील कांहींचीं उत्तरें तेथें मिळण्यासारखीं आहेत.